हाव, सर

मिनी गोल्फ हा खेळ अमडापुरात मी आणला. त्याचं श्रेय मागायला दुसरं कोणी येणार नाही, म्हणून बिनधास्त सांगतो. मी गोपाळ सर, इथल्या शाळेत खेळाचा मास्तर. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडखाली मंडपवाल्याकडचं जुनं हिरवं मॅटिंग अंथरलं, कडेने लाकडी पट्ट्या ठोकल्या, गवंड्याकडून कोब्यात वाटीएवढे खड्डे पाडून घेतले आणि स्टिका चिखलीच्या वेल्डिंगवाल्याकडून बनवल्या. याला सात वर्षं झाली. गावातले लोक अजून विचारतात, "सर, ह्या गोट्याच हायत ना, मोठ्या?" मी हो म्हणून मोकळा होतो. समजावून सांगायचा उत्साह पहिल्या दोन वर्षांतच संपला.

खेळ तसा सोपा आहे. स्टिकने चेंडू ढकलायचा आणि कमीत कमी फटक्यांत खड्ड्यात घालायचा. पण क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विचाराला वेळच मिळत नाही. इथे चेंडू गुपचूप बसून असतो आणि आपण त्याच्यासमोर उभे असतो. जितका वेळ बघाल, तितकं तो डोकं खातो. चांगली चांगली पोरं मी या चेंडूसमोर घामाघूम झालेली पाहिली आहेत.

प्रेरणा आठवीत असताना शेडखाली आली ती सावलीसाठी. बाकीच्या मुली उन्हात कबड्डी खेळत होत्या आणि हिला ऊन नको होतं. उकंडरावांची ही धाकटी मुलगी. त्यांचं शेत गावाला लागूनच आहे, सोयाबीन-हरभऱ्याचं. पहिल्याच दिवशी तिने मॅटिंगजवळ उकिडवं बसून एका बाजूने पाहिलं आणि म्हणाली, "सर, हे अठून डावीकडं उतरते." मी गेली तीन वर्षं तिथे खेळत होतो, मला तो उतार कधी दिसला नव्हता. विचारलं तर म्हणाली, "वाफ्याले पाणी द्या लागते ना सर. उतार नाही समजला तं पाणी भलतीकडंच जाते."

त्या दिवसापासून मी तिच्या मागे लागलो. खरं सांगायचं तर तीच माझ्या मागे लागली. सकाळी शाळा उघडायच्या आधी येऊन शेडचं कुलूप वाजवत बसायची. चुकली की स्वतःवरच चिडायची, आणि मी काही सांगितलं की माझ्याशी भांडायची. "तुम्हाले नाही दिसत सर, तुम्ही बाजूले व्हा," असं मला शाळेत फक्त तीच म्हणू शकायची. तिचं हे म्हणणं मला आवडायचं, तोंडावर कधी दाखवलं नाही एवढंच.

दोन वर्षांपूर्वी जिल्हा स्पर्धेत संग्रामपूरची एक मुलगी आली होती, आदल्या वर्षी राज्याच्या संघातून खेळलेली. तिच्या अंगात निळा टी-शर्ट होता आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत महाराष्ट्र लिहिलेलं होतं. प्रेरणा दिवसभर त्या मुलीच्या मागे मागे हिंडली. शेवटी तिच्या पाठीचा फोटो काढून आणला आणि मोबाइलवर लावला. "सर, मले हा टी-शर्ट पाह्यजे." दुसरं तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. तिला ना सायकल हवी होती, ना मोबाइलचं नवं मॉडेल. फक्त तो टी-शर्ट, आणि तो विकत मिळत नाही, राज्याच्या संघात निवड झाली तरच मिळतो. यंदाचं तिचं शेवटचं वर्ष. ती बारावीला, आणि शाळेत उशिरा घातल्यामुळे डिसेंबरात एकोणीस पूर्ण. त्यानंतर एकोणीस वर्षांखालच्या गटात खेळता येत नाही.

आणि नेमकं याच वर्षी तिच्या हाताला काहीतरी झालं.

लांबून चेंडू मारायची तेव्हा काही अडचण नसायची. दहा-बारा फुटांवरून सरळ आत. पण चेंडू खड्ड्यापासून वीतभर राहिला, की मनगटाला झटका बसायचा आणि चेंडू काठावरून पुढे निघून जायचा. लहान मूल घालेल असा फटका तिला जमेना. मी पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले. मोठमोठ्या गोल्फवाल्यांनाही हे होतं म्हणे आणि त्यावर खात्रीचा इलाज कोणाकडेच नाही. तरीही मी इलाज केले. रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. "विचार करू नको" असं दिवसातून पन्नास वेळा सांगितलं, म्हणजे विचार करायची पन्नास वेळा आठवण करून दिली. तिच्या आईने, रुखमाबाईंनी, मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. माझ्या उपायांपेक्षा तो बरा होता. निदान त्याने पोरीची झोप तरी उडाली नाही.

"सर, माहा हात माहं आयकतच नाही," ती म्हणायची आणि मनगट दुसऱ्या हाताने धरून उभी राहायची. मला फार वाईट वाटायचं. आपण मास्तर, आणि आपल्याला एक वीतभराचा फटका शिकवता येत नाही.

मग मुख्याध्यापकांनी त्यांच्या पुण्याच्या नात्यातल्या चिन्मय सरांचं नाव काढलं. खेळाडूंच्या मनावर काम करतात, मोठमोठे खेळाडू त्यांच्याकडे येतात. खेड्यातल्या मुलीसाठी दर रविवारी सकाळी एक तास व्हिडिओवर द्यायला ते तयार झाले, तेही फुकट. आता फुकट म्हटल्यावर आपल्या माणसाची मान आधीच झुकते. माझी तर जमिनीला लागली.

पहिल्या रविवारी शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत मी प्रेरणाला समोर बसवलं आणि स्वतः कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने स्टूल घेऊन बाजूला बसलो. त्याआधी तिला बजावलं होतं, "हे पाय, पुण्याचे सर हायत. जरा शुद्ध बोलजो." हे मी का बजावलं, तेही सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी मी पुण्याला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेलो. पहिल्याच दिवशी मेसमध्ये कोणीतरी विचारलं, "जेवलास का?" मी म्हणालो, "हाव." आमच्याकडे हाव म्हणजे हो, दुसरं काही नाही. पुण्यात हाव म्हणजे लोभ. त्या दिवसापासून वर्षभर अख्खं होस्टेल मला हावरट म्हणायचं. आठवड्याभरात मी 'हो' म्हणायला शिकलो. दात ब्रश करताना आरशात बघून सराव केला होता, आता सांगायला लाज वाटते.

चिन्मय सर दिसायला साधे, आवाज मऊ. माणूस चांगला होता, अजूनही चांगलाच म्हणेन. त्यांनी घरचं विचारलं, शेताचं विचारलं. उताराची गोष्ट ऐकून मनापासून हसले. मग म्हणाले, "प्रेरणा, चेंडू होलच्या अगदी जवळ आहे. तू उभी आहेस. त्या क्षणी पोटात काय होतं? भीती वाटते का?"

"हाव," प्रेरणा म्हणाली.

सर थांबले. "हाव?"

तिला वाटलं, नेटमुळे ऐकू गेलं नसेल. म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "हाव, सर."

सरांनी चष्मा काढला. "वा. प्रेरणा, माझ्याकडे कितीतरी खेळाडू येतात. भीती सगळे कबूल करतात, त्यात कमीपणा वाटत नाही. पण भीती नाही, हाव आहे, असं स्वतःच्या तोंडाने सांगणारी तूच पहिली. गोपाळ सर, तुमची मुलगी फार प्रामाणिक आहे हं."

प्रेरणा बारावीची मुलगी. मराठीच्या पुस्तकात तिने 'हाव' शब्द वाचला होता. काय घोटाळा झाला ते तिला एका क्षणात कळलं. ती कानापर्यंत लाल झाली आणि तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. अहो सर, आमच्याकडे हाव म्हणजे हो. संपलं असतं. सर हसले असते, आम्ही हसलो असतो. पण मला ते होस्टेल आठवलं. मुख्याध्यापकांचा पाहुणा आठवला. फुकटचा तास आठवला. आणि त्यांनी इतकं कौतुक केल्यावर ते खोटं होतं असं सांगायला माझी जीभ उचलेना. मी माउसच्या वायरकडे बघत मूग गिळून बसलो. मनात म्हटलं, दुखण्याचं नाव काही का असेना, औषध लागू पडल्याशी कारण.

"कशाची हाव आहे, सांगशील?" सरांनी विचारलं.

प्रेरणाने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी वायर सोडली नाही. मग ती अगदी पुस्तकी मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "महाराष्ट्राच्या टी-शर्टची."

उपचार सुरू झाले. मोबाइलवरचा फोटो काढून टाकायचा. रोज सकाळी वहीत लिहायचं, 'मला काहीही नको आहे.' चेंडूसमोर उभं राहिलं की श्वास सोडायचा आणि तेच वाक्य मनात म्हणायचं. घरातही छोट्या छोट्या गोष्टी मुद्दाम सोडून पाहायच्या, आवडीची भाजी, खिडकीजवळची जागा. सरांनी हे सगळं इतक्या समजुतीने सांगितलं, की मलाही पटलं. ज्याला हाव आहे त्याच्यासाठी ते बरोबरच असेल.

आणि खोटं कशाला बोलू, गुण आला. तिसऱ्या आठवड्यात झटका कमी झाला, सहाव्या आठवड्यात बंद. वीतभरावरून चेंडू गुळगुळीत आत जायला लागला. मी चिन्मय सरांना हात जोडलेली चित्रं पाठवली. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

पण हळूहळू मला दुसरंच दिसायला लागलं. प्रेरणा आता कुलूप वाजवायला लवकर येईना. शाळेच्या वेळेवर यायची, सांगितलेलं करायची, जायची. चुकली तर चिडेना. मी मुद्दाम चुकीचा उतार सांगून पाहिला, तर मान हलवून तिथेच मारला आणि चेंडू भलतीकडे गेलेला बघत राहिली. "भांड ना माह्याशी," मी म्हणालो. ती नुसती हसली. 'हाव' हा शब्द तर तिच्या तोंडून गेलाच. शाळेत, घरी, सगळीकडे 'हो'. रुखमाबाई एकदा मला रस्त्यात म्हणाल्या, "सर, पोट्टी घरात पाहुण्यावानी राह्यते. वाढलं तं खाते, नाही तं मांगत नाही. तुम्ही काय शिकवून राह्यले तिले?" मी म्हणालो, मन शांत ठेवायला शिकवतोय. त्या गेल्यावर मी बराच वेळ रस्त्यावर तसाच उभा होतो. काहीतरी आपल्या हातून निसटतंय हे कळत होतं, आणि कुठे धरायचं ते कळत नव्हतं. चिन्मय सरांना आता काय सांगणार? की तीन महिन्यांपूर्वी ती 'हो' म्हणाली होती?

राज्याची निवड चाचणी यंदा चिखलीत झाली. मॅटिंग द्यायला दुसरा कोणताच जिल्हा तयार नव्हता, म्हणून तो मान आमचा. एका शाळेच्या सभागृहात नोव्हेंबरच्या एका शनिवारी चोवीस मुली जमल्या. त्यातून चौघी निवडायच्या होत्या. उकंडरावही मोटरसायकलवर आले होते. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण पागोटं बांधून पहिल्या रांगेत बसले होते.

प्रेरणा दिवसभर सुंदर खेळली. हात दगडासारखा स्थिर. संध्याकाळी चारला हिशेब लागला तेव्हा तिघी स्पष्ट पुढे होत्या आणि चौथ्या जागेवर दोघींची बरोबरी, प्रेरणा आणि नाशिककडची गार्गी. दोघींनी आणखी एक होल खेळायचा, जिचे फटके कमी ती संघात.

गार्गी आधी खेळली. तिच्या मनगटाला झटका बसला, ओळखीचा झटका होता तो. एक सोपा फटका हुकला, चार फटक्यांत कसाबसा चेंडू आत गेला आणि ती तोंड झाकून भिंतीला टेकली. मग प्रेरणा. पहिला फटका पट्टीला लावून वळवला, दुसऱ्या फटक्यात चेंडू खड्ड्यापाशी आला. वीतभर अंतर राहिलं. हा आत गेला की तीन फटके, आणि प्रेरणा महाराष्ट्राच्या संघात. हुकला, तरी पुढच्यात घालून बरोबरी साधता येत होती. हरणं जवळजवळ अशक्य होतं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

ती चेंडूसमोर उभी राहिली. श्वास सोडला. मनगट अगदी शांत. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, स्टिक डाव्या हातात घेतली, वाकली आणि चेंडू उचलला.

पंच म्हणाले, "अगं, उचलला म्हणजे तू बाद. माहीत आहे ना?"

"हो," प्रेरणा म्हणाली. "गार्गीला संघात जाऊ द्या. मला काही नको."

सभागृहात कोणाला काही समजेना. गार्गी वेड्यासारखी बघत राहिली. मी पंचांकडे धावलो, चूक झाली म्हणालो, घाबरली म्हणालो. त्यांनी नियमाचं पुस्तक उघडून दाखवलं. पुस्तक माझंही पाठ होतं. उकंडराव माझ्याजवळ आले आणि त्यांनी विचारलं, "जितली का वो सर?"

उकंडरावांच्या मोटरसायकलवर मागे स्प्रिंकलरचे पाइप बांधलेले होते, म्हणून प्रेरणा माझ्याबरोबर जीपने निघाली. जीप भरलेली होती. आम्ही मागच्या बाकावर, शेजारी बाजार करून निघालेली एक बाई मांडीवर पिशव्या घेऊन. चिखली सुटेपर्यंत मी दम धरला. मग माझा पारा चढला.

"काऊन उचलला तू चेंडू? हात तं थरथरत नव्हता!"

"नव्हता."

"आत गेला असता ना?"

"गेलाच असता, सर."

"मंग?"

ती बाहेर बघत होती. "आत गेला असता तं तुम्ही म्हणले असते, पोट्टीले हाव होतीच."

तीन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी आमच्या बोलीत एवढं बोलली. "मी? मी कवा म्हणलो असं?"

"म्हणले नाही." ती आता माझ्याकडे वळली. "त्या रोजी मी तुमच्याकडं पाह्यलं, सर. दोनदा पाह्यलं. चिन्मय सरले आपली बोली समजत नाही, त्यायचा काय दोष? तुम्हाले तं समजते. मले वाटलं, आता सर सांगतीन, मंग सांगतीन. तुम्ही वायरकडंच पाहून राह्यले. मंग मले वाटलं, तुम्हाले बी तसंच वाटते. म्हणून दाखवून देल्लं, मी तशी नाही."

"मले तसं नव्हतं वाटत," मी म्हणालो. "मले लाज वाटली व बाई. आपल्या बोलण्याची. दुसरं काही नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. हे कारण एवढंसं असेल असं तिला वाटलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मंग सांगाचं होतं ना, सर," ती म्हणाली. "मले पाह्यजे होता वो तो टी-शर्ट. लय पाह्यजे होता."

मग ती रडली, दोन्ही हात तोंडावर घेऊन, जीपमधल्या सगळ्यांसमोर. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि गाणं बंद केलं. शेजारच्या बाईने पिशव्या खाली ठेवल्या, तिच्या पाठीवर हात फिरवला आणि आपली पाण्याची बाटली उघडून तिला दिली. मी तिला लागूनच बसलो होतो आणि मला तेवढंही सुचलं नाही.